पायांसाठी ठेका, मनासाठी आठवण

१९११ साली लेनर्ड एअर्स या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या काळी सलग सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती होत, आणि तिथे अधूनमधून बँड वाजत असे. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी सुमारे ३१.५ किलोमीटर भरला. बँड थांबलेला असताना तो २८.८ होता.

एका शर्यतीवरून फार काही सिद्ध होत नाही. प्रेक्षकांचा गलका असतो, शेजारच्या सायकलशी चुरस असते. पण एअर्सने विचारलेला प्रश्न खरा होता, आणि हेडफोन लावून ट्रेडमिलवर चढणारा प्रत्येक जण तो आजही आपल्या परीने विचारतो. आवडतं गाणं लागलं की अंगात बळ संचारल्यासारखं वाटतं. ते बळ खरंच कुठून येतं?

शंभर वर्षांत यावर पुष्कळ प्रयोग झाले. २०२० मध्ये पीटर टेरी, कोस्टास कारागेऑर्गिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १३९ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत मिळून ३,५९९ माणसं सहभागी होती. त्यातून पुढे आलेला क्रम मला फार बोलका वाटतो. संगीताचा सर्वांत मोठा परिणाम दिसला तो मनःस्थितीवर, म्हणजे व्यायाम करताना कसं वाटतं यावर. त्याखालोखाल कामगिरीवर. त्याहून थोडा कमी, श्रम किती जाणवतात यावर. ऑक्सिजनच्या वापरात अगदी किंचित फरक पडला, आणि हृदयाच्या ठोक्यांत लक्षात घ्यावा असा फरक आढळला नाही.

गाणं चालू असताना हृदयाला तेवढंच काम पडतं. कमी होते ती त्या कामाची बोच. ही गोष्ट मला मुळीच किरकोळ वाटत नाही. व्यायाम सुरू करून सोडून देणाऱ्यांचे पाय क्वचितच आधी हरतात. आधी कंटाळा येतो, नकोसं होतं, आणि मग ‘उद्यापासून’ हा शब्द येतो. जे साधन नेमकं तिथे काम करतं, ते मोलाचं आहे.

श्रमाची ही जाणीव मोजायची कशी? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी ६ ते २० अशी एक पट्टी तयार केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. ६ पासून सुरुवात विचित्र वाटते, पण तिला कारण आहे: निरोगी प्रौढाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की त्याच्या हृदयाचे मिनिटाचे ठोके साधारण कळावेत, अशी ती बेतलेली आहे. मध्यम व्यायामात गाणं चालू असेल तर माणसं या पट्टीवर कमी आकडा सांगतात.

याचं कारण आपल्या लक्षात दडलेलं आहे. लक्ष हा एक अरुंद दरवाजा आहे. छातीतली धाप, मांड्यांतली जळजळ, गुडघ्याची कुरकुर या सगळ्यांना त्यातूनच आत यायचं असतं. गाणं आधीच आत शिरलं असेल तर त्यांना जागा कमी उरते. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण तीन चतुर्थांशाच्या वर व्यायाम गेला, एक वाक्य सलग बोलणं कठीण होऊ लागलं, की शरीराच्या हाका इतक्या मोठ्या होतात की कुठलंही गाणं त्यांना दाराबाहेर ठेवू शकत नाही.

मग तिथे गाण्याचा उपयोग संपतो का? कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगाचं उत्तर विचार करायला लावणारं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांनी ३० सेकंद जीव तोडून सायकल मारायची, ४ मिनिटं थांबायचं, असं चार वेळा केलं. एकदा स्वतः निवडलेल्या गाण्यांसह आणि एकदा शांततेत. दम दोन्ही वेळा सारखाच लागल्याचं त्यांनी सांगितलं. पण गाणी असताना त्यांनी पेडलवर जास्त जोर काढला, आणि व्यायाम जास्त आवडला असंही सांगितलं. कष्ट लपले नाहीत, तरीही माणसं ते करायला अधिक राजी झाली. म्हणजे लक्ष वळवण्यापलीकडेही गाणं काहीतरी करतं.

त्यातला एक भाग ठेक्याचा. ठेका कानावर पडला की आपण जागेवर बसलेले असलो तरी मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जागे होतात. पार्किन्सनच्या रुग्णांची पावलं अडखळतात तेव्हा नियमित ठेका ऐकवला तर त्यांचं चालणं सुधारू शकतं, इतका हा संबंध घट्ट आहे. निरोगी माणसांवरचा लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातला प्रयोगही सुंदर आहे. १२ विद्यार्थ्यांना त्यांच्याच आवडीची गाणी ऐकत सायकल चालवायला सांगितलं. त्यांना न सांगता गाण्यांचा वेग एकदा १० टक्के वाढवला, एकदा १० टक्के घटवला. वाढवल्यावर कापलेलं अंतर आणि लावलेला जोर दोन्ही थोडे वाढले. घटवल्यावर दोन्ही कमी झाले, आणि जोर तर जवळपास १० टक्क्यांनी उतरला. गाणी तीच, माणसं तीच.

पावलं ठेक्याला जुळली तर आणखी एक फायदा होतो. २०१२ च्या एका अभ्यासात ठेक्याबरहुकूम पेडल मारणाऱ्यांना, किंचित संथ संगीत मागे वाजत असतानाच्या तुलनेत, तेवढ्याच कामासाठी सुमारे ७ टक्के कमी ऑक्सिजन लागला. हालचाल एकसारखी झाली की वेग सारखा सावरत बसावा लागत नाही, हे त्याचं पटण्यासारखं कारण. मात्र ठेक्याने पाय ओढले जातात ते थोडेच. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की धावणाऱ्याच्या स्वतःच्या लयीपासून गाणं दोन-तीन टक्के इकडेतिकडे असेल तर पावलं आपोआप जुळवून घेतात. अंतर वाढलं की ती आपल्याच चालीने जातात.

म्हणून जो तो ‘मिनिटाला किती ठोके’ हेच बघतो. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची गाणी निवडा, असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही. पण चित्रपटांच्या पार्श्वसंगीताकडे पाहिलं की हा हिशेब अपुरा असल्याचं लगेच कळतं.

‘चॅरिअट्स ऑफ फायर’ हा १९८१ चा धावपटूंवरचा चित्रपट. व्हँगेलिसने दिलेल्या त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पदकवितरणाच्या वेळी तीच धून वाजत होती. पडद्यावर तिच्यासोबत समुद्रकिनाऱ्यावर धावणारी तरुण पोरं दिसतात, तीही संथ गतीत. धून इतकी सावकाश आहे की तिच्या ठेक्यावर कुणी धावूच शकणार नाही. तरी जगभर हजारो माणसं धावायला निघण्याआधी हीच धून लावतात. ‘रॉकी’ या १९७६ च्या चित्रपटात फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या चढून जाणारा मुष्टियोद्धा आणि त्यामागची बिल कॉन्टीची ट्रम्पेटं, त्यांचंही तेच. ती धून १९७७ मध्ये अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली, आणि वेगाच्या हिशेबात तीसुद्धा मध्यमच आहे.

या धूनांचं बळ त्यांना चिकटलेल्या गोष्टीत आहे. चित्रपटाचा संगीतकार दोन तास आपल्याला एक प्रकारचं शिक्षण देत असतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. नायकाची धून आधी एखाद्याच वाद्यावर, अर्धवट ऐकू येते. तो पडतो तेव्हा ती मंदावते. तो पुन्हा उभा राहतो तेव्हा तीच धून पूर्ण वाद्यवृंदासह येते. त्या वेळी अंगावर येणारा काटा संगीत आणि गोष्ट दोघांनी मिळून आणलेला असतो. पुढे कधीही ती धून कानावर पडली की गोष्ट सांगावी लागत नाही, काटा तेवढा येतो.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले पॅट्रिक युस्लिन यांनी संगीतातून भावना जागवणाऱ्या यंत्रणांची मांडणी केली आहे. लयीशी शरीर जुळणं ही त्यातली एक. त्याच यादीत वारंवार एकत्र घडल्याने जडलेला संबंध आहे, मनात उभं राहणारं चित्र आहे, आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगाची आठवण आहे आणि पुढचा सूर कोणता येईल याची अपेक्षा आहे. चांगलं पार्श्वसंगीत या सगळ्यांना एकाच वेळी हात घालतं.

अपेक्षेबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी, आवडतं संगीत ऐकून रोमांचित होणाऱ्या माणसांच्या मेंदूंची छायाचित्रं घेतली. आनंदाच्या शिखरावर डोपामाइन हे रसायन स्रवत होतं, आणि शिखर येण्याच्या आधी, त्याची वाट पाहतानाही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवत होतं. ती माणसं व्यायाम करत नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही ओळखीच्या गाण्यात ‘आता तो भाग येणार’ या जाणिवेनेच आपण व्यायाम आणखी अर्धा मिनिट चालू ठेवतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही. नवं गाणं कितीही चांगलं असलं तरी त्याला हे जमत नाही, कारण त्यात काय येणार हे आपल्याला माहीत नसतं.

आवडत्या गाण्यांना वयाचाही हातभार लागतो. किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला ऐकलेली गाणी आणि त्यांच्याशी निगडित आठवणी पुढे आयुष्यभर सर्वांत ठळक राहतात. पन्नाशीतल्या माणसाने जिममध्ये लागलेलं चालू वर्षातलं गाणं मुकाट्याने सहन करण्याचं कारण नाही. त्याच्यासाठी त्याच्या कॉलेजच्या काळातलं गाणं अधिक जोरकस ठरू शकतं. इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला बंदिस्त मैदानातल्या २,००० मीटर शर्यतीत विश्वविक्रम करताना स्टेडियममध्ये त्याच्या पसंतीचं एक पॉप गाणं वाजत होतं, आणि ते त्यानेच मागून घेतलं होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं, की गाणी दोन वेगळ्या कामांसाठी वेगवेगळी निवडावीत. सलग चालणं, धावणं, सायकल यासाठी ठेका पाहावा. चालताना आपली पावलं सहज मिनिटाला १२० च्या आसपास पडतात. धावताना ती १६० ते १८० पर्यंत जातात, आणि तिथे ८० ते ९० ठोक्यांचं गाणंही चालतं, कारण एका ठोक्यात दोन पावलं बसतात. इथे शब्द, कथा, आठवण नसली तरी बिघडत नाही. मनात काहूर उठवणारी, चित्रपटातला प्रसंग डोळ्यांपुढे आणणारी धून मात्र सुरुवातीच्या आधी ठेवावी, किंवा ‘बस आता’ असं वाटतं त्या टप्प्यावर. वजनं उचलण्याआधीची दोन मिनिटं तिच्यासाठी उत्तम. व्यायाम संपल्यावर संथ, शांत संगीताने श्वास आणि मन लवकर ठिकाणावर येतात.

अशी धून रोज वाजवू नये. तिची धार कमी होते, आणि त्यामागे नुसता कंटाळा नसतो. ज्या नियमाने ती नायकाच्या विजयाला चिकटली, त्याच नियमाने ती हळूहळू रोजच्या ट्रेडमिलला, घामाला, अपुऱ्या झोपेला चिकटू लागते. हाच नियम आपल्या बाजूनेही वळवता येतो: एखादं साधं गाणं फक्त बूट बांधताना लावायचं, रोज, दुसऱ्या कुठल्याही वेळी नाही. काही आठवड्यांत ते गाणं लागलं की पाय दाराकडे वळू लागतात.

दोन गोष्टींची काळजी घ्यायला हवी. गाण्याने कष्ट कमी जाणवतात, हृदयावरचा भार कमी होत नाही. ज्यांना डॉक्टरांनी ‘दम लागेल तिथे थांबा’ असं सांगितलं आहे, त्यांनी केवळ जाणिवेवर विसंबू नये. ठोके मोजावेत किंवा मधूनमधून गाणं बंद करून पाहावं. आणि आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे, पण ९० डेसिबल असेल तर ही मुदत ४ तासांवर येते. चढ्या आवाजाने येणारा जोश खरा असला तरी कानाच्या आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत २०१३ मध्ये टॉमस फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. त्यांनी व्यायामाची यंत्रं अशी जोडली की ती ओढली, दाबली की संगीत तयार व्हावं. तिघांनी मिळून व्यायाम केला तर त्यांच्या हालचालींतून एक रचना घडे. तसाच व्यायाम करत तयार संगीत नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा, आपल्या हालचालींतून संगीत घडवणाऱ्यांना श्रम कमी जाणवले. अशी यंत्रं प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाहीत. पण ठेक्यावर मुद्दाम पाऊल टाकणं, ओळखीची ओळ आली की दम असेल तोवर सोबत गुणगुणणं, चार जणांनी मिळून एकाच गाण्यावर व्यायाम करणं, एवढं तर कुणालाही करून पाहता येईल.