स्मृती तपासणी शिबिर की संशोधन अभ्यास? फळ्यावर लिहिण्याआधी फरक कळू द्या

नाशिकमध्ये सिडको असो की पंचवटी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर ‘स्मरणशक्ती तपासणी, मोफत’ एवढं लिहिलं की सभागृह भरतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणारा आजार, यावरच्या संशोधनाची माहिती द्यायला कोणी आलं, की मात्र “आमच्यावर प्रयोग करणार का?” हा प्रश्न आधी येतो. म्हणून काही कार्यकर्ते सोपी वाट धरतात आणि संशोधनालाच तपासणी म्हणून टाकतात. नावं भराभर येतात खरी, पण दुसऱ्या फेरीला माणसं गळतात आणि पुढच्या अभ्यासाला त्या वस्तीत कोणी दारात उभं करत नाही.

शिबिर तुमच्यासाठी असतं. दहा-पंधरा मिनिटांत तीन शब्द लक्षात ठेवायचे, तारीख-वार सांगायचा, घड्याळाचं चित्र काढायचं. गुण कमी पडले तर डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी मिळते. ते निदान नव्हे. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही गुण घसरतात. शिवाय मांडवात स्पीकर चालू असतो, चष्मा घरी राहिलेला असतो, मागून सूनबाई उत्तर कुजबुजते. एखाद्या आजी तारीख विचारली की ‘वद्य एकादशी’ सांगतात. बरोबर सांगतात, पण तपासणाऱ्याला तिथी ठाऊक नसेल तर गुण जातो. बैठ्या घरात राहणाऱ्याला “आपण कितव्या मजल्यावर आहोत?” विचारणं तर निव्वळ विनोद. निरक्षर ग्रामीण लोकांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात हिंदीतून वेगळी चाचणी तयार करावी लागली ती यामुळेच.

अभ्यासात प्रश्न संशोधकाचा असतो आणि उत्तर सगळ्यांच्या कामाचं. देशात साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असावा, हा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज घरोघरच्या वृद्धांनी वेळ दिला म्हणून हाती आला. अशा अभ्यासात मुलाखत तासा-दोन तासांची होऊ शकते. जवळच्या माणसालाही वेगळं बसवून विचारतात: पैशांचा हिशेब जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का. रक्त लागलं तर एक-दोन चमचे. वर्ष-दोन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा येतात, कारण घसरण मोजायची असते. औषधाची चाचणी हा आणखी वेगळा प्रकार. तिथे तुमच्या वाट्याला औषधासारखीच दिसणारी बिनऔषधी गोळीही येऊ शकते.

खरा घोळ सहीत होतो. शिबिराच्या हजेरीपटावरची सही ही संशोधनाची संमती नव्हे. त्या यादीवरून परस्पर कोणाला अभ्यासात घेता येत नाही. अभ्यासाआधी मराठीतलं माहितीपत्रक मिळायला हवं, ते घरी नेऊन वाचायला वेळ हवा, सही केलेल्या संमतीपत्राची प्रत हातात पडायला हवी. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार बसवतात. आजार वाढलेला असेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो, तरीही आजोबांनी सुई पाहून हात मागे घेतला तर तिथे थांबायचं. सहभागींच्या हिताच्या दृष्टीने संशोधन तपासणाऱ्या नीतिमत्ता समितीची मंजुरी विचारा. औषधाची चाचणी असेल तर ‘सीटीआरआय’ (चाचण्यांची देशपातळीवरची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांकही मागा. ही नोंदणी 15 जून 2009 पासून बंधनकारक आहे आणि क्रमांक कोणालाही ऑनलाइन पाहता येतो. अशा चाचणीमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत असतात. अभ्यास मधेच सोडला म्हणून नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हे तर दोनदा सांगावं.

अहवाल मिळेल का, हेही आधीच विचारून घ्या. काही अभ्यास रक्ताचे साधे निकाल देतात, मेंदूविषयीचे देत नाहीत. हे न सांगितल्यामुळे “रक्त घेतलं आणि कळवलं काहीच नाही” ही तक्रार गावभर होते.

दिंडोरी-निफाडकडे तारखा ठरवताना द्राक्षाचं वेळापत्रक पाहा. जानेवारी ते मार्च तोडणीचे दिवस, ऑक्टोबरात छाटणी. आजी रिकाम्या असतील, पण त्यांच्याबद्दल सांगणारा मुलगा बागेत असतो आणि त्याच्याशिवाय मुलाखत अर्धीच राहते. नाशिकरोड-सातपूरला नोकरदार मुलांसाठी रविवार ठेवा.

फळ्यावर इतकं लिहिलं तरी पुरतं: ‘स्मरणशक्तीवरील संशोधन. उपचार नाही. वेळ दोन तास, पुढच्या वर्षी पुन्हा. घरातलं एक माणूस, चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत आणावं. प्रवासखर्च मिळेल का, ते आधी विचारून घ्यावं.’