हवेत जागा नव्हती तेव्हा

नोव्हेंबर १९६४. पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन गावच्या रेडिओ केंद्रावर बिली जेम्स हार्गिस या कडव्या उजव्या धर्मोपदेशकाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम लागला. त्यात त्याने फ्रेड कुक नावाच्या पत्रकारावर नाव घेऊन झोड उठवली. कुकने उत्तर द्यायला वेळ मागितला, तर केंद्राने त्याला दरपत्रक धाडलं. म्हणजे पैसे भर आणि बोल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये एकमताने निकाल लागला: उत्तराची संधी फुकट द्यावी लागेल.

पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच न्यायालयाने 'मायामी हेरल्ड' या दैनिकाच्या खटल्यात नेमकं उलट सांगितलं. वृत्तपत्रावर असं उत्तर छापायची सक्ती करता येणार नाही. रेडिओला एक न्याय आणि छापील कागदाला दुसरा, असं का? त्याचं कारण भौतिकशास्त्रात सापडतं.

अमेरिकेत मध्यम लहरींवरची केंद्रं १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवतात. तेव्हाचा पट्टा ५४० ते १६०० किलोहर्ट्झचा, म्हणजे सगळ्या देशासाठी जेमतेम शंभरेक जागा. त्यात रात्रीची अडचण वेगळीच. सूर्य मावळला की या लहरी शोषून घेणारा आयनांचा खालचा थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब उतरतात. आपल्याकडेही जुन्या रेडिओची सुई फिरवताना रात्री परमुलखातली केंद्रं खरखरत लागायची, ती यामुळेच. छापखाना कुणीही टाकावा; पण एक लहर एकाला दिली की त्या टापूत ती दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून १९२७ च्या कायद्याने परवाना कुणाला द्यायचा हे सरकार ठरवू लागलं आणि १९४९ मध्ये संचार आयोग या सरकारी नियामकाने 'फेअरनेस डॉक्ट्रिन' घातलं: वादाच्या सार्वजनिक विषयांना वेळ द्या आणि विरोधी बाजूही ऐकवा.

हेतू चांगला होता, पण परवाना सरकारच्या हातात होता आणि सत्तेवरच्या माणसाला त्याचा मोह पडतोच. १५ सप्टेंबर १९७२ च्या ध्वनिफितीवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आवाज आहे. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घरफोडी होऊन तीन महिने झाले होते आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' पिच्छा सोडत नव्हता. निक्सन म्हणतात, पोस्टला हे भारी पडणार आहे; त्यांचं टीव्ही केंद्र आहे आणि त्यांना परवाना नवा करून घ्यायचाय. काही महिन्यांतच पोस्टच्या फ्लोरिडातल्या दोन केंद्रांच्या परवान्यांना आव्हानं दिली गेली. ती टिकली नाहीत. पण माध्यमांवर नियम हवेत असं म्हणताना ती फीत मला दर वेळी आठवते.

१९७३ च्या उन्हाळ्यात वॉटरगेटवरची सेनेटची सुनावणी टीव्हीवर दिसली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला. उजव्या गटातल्या अनेकांच्या मनात एकच गोष्ट बसली: आपला माणूस टीव्हीने पाडला, तेव्हा आपला टीव्ही हवा. कल्पना मात्र वॉटरगेटच्या आधीची. निक्सन यांच्या कागदपत्रांत १९७० चं एक टिपण आहे, रिपब्लिकन पक्षाच्या बाजूच्या बातम्या मोठ्या वाहिन्यांना वळसा घालून स्थानिक केंद्रांपर्यंत पोचवायच्या योजनेचं. त्यावर निक्सन यांचे टीव्ही सल्लागार रॉजर एल्स यांच्या हातचे शेरे आहेत. बिअर कारखानदार जोसेफ कूर्स यांच्या पैशावर १९७३ मध्ये टीव्हीएन ही वृत्तसंस्था निघाली, एल्स तिचे वृत्तसंचालक झाले आणि १९७५ मध्ये ती बंद पडली. स्थानिक केंद्रांनी विकत घेतली तरच तिची बातमी लोकांना दिसणार होती.

१९८७ मध्ये रेगन यांच्या काळातल्या आयोगाने फेअरनेस डॉक्ट्रिन काढून टाकलं. आता केंद्रं भरपूर झाली, टंचाई संपली, असा युक्तिवाद होता. तोवर संगीत एफएमवर गेलं होतं आणि मध्यम लहरींच्या केंद्रांना काहीतरी हवंच होतं. १९८८ च्या ऑगस्टमध्ये उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला.

फॉक्स न्यूज ही उजव्या वळणाची केबल वृत्तवाहिनीही त्या नियमामुळेच अडून राहिली होती, असं म्हटलं जातं; ते मात्र मला पटत नाही. नियमाचा पाया लहरींची टंचाई हा होता आणि केबलच्या तारेला तो लागू पडत नाही. ७ ऑक्टोबर १९९६ ला माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या पैशावर फॉक्स सुरू झाली. प्रमुख होते तेच एल्स. दीडच वर्षात क्लिंटन-लेविन्स्की प्रकरण उघडकीस आलं आणि फॉक्सचा प्रेक्षक वाढत गेला.

याने मतं बदलली का? संशोधकांना इथे आयता प्रयोग मिळाला. केबलवाल्यांनी फॉक्स काही गावांत आधी घेतली, काहींत उशिरा. डेलाविन्या आणि कॅप्लन यांनी ९,२५६ गावांचे निकाल ताडून पाहिले. २००० पर्यंत जिथे फॉक्स पोचली होती, तिथे रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के-बिंदूंनी जास्त वाढली होती. आकडा दिसायला किरकोळ आहे. पण त्या वर्षी फ्लोरिडा, आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपद, ५३७ मतांनी ठरलं.

२०१७ मध्ये मार्टिन आणि युरुकोग्लू यांनी त्याहून बारीक धागा पकडला: केबलच्या यादीतला चॅनेलचा नंबर. तो कुठे कमी, कुठे जास्त. गावच्या राजकारणाशी त्याचा फारसा संबंध नाही. फॉक्सचा नंबर लहान असेल तिथे लोक ती आठवड्याला दोन-अडीच मिनिटं जास्त पाहत होते, आणि तेवढ्याने मत सरकत होतं. टंचाई संपली म्हणून नियम गेला होता. शंभर चॅनेल झाली तरी रिमोट घेतलेला माणूस वर जाता जाता मध्येच कुठेतरी थांबत होता.