युद्धसेवेतून पळाल्याबद्दल मृत्युदंड : दयेचा अर्ज कुणाकडे करायचा?

कोर्ट मार्शलने, म्हणजे लष्करी न्यायालयाने, मृत्युदंड सुनावला की घरची माणसं थेट राष्ट्रपतींना पत्र लिहायला बसतात. तो मार्ग आहेच, पण त्याआधीचं दार बरंच जवळ असतं.

आधी कलम पाहा. लष्कर कायदा १९५०, कलम ३८ नुसार जवान युद्धसेवेवर असताना, किंवा तसा हुकूम मिळालेला असताना पळाला तरच मृत्युदंड होऊ शकतो. एरवी कमाल ७ वर्षं कैद. रजा संपून न परतणं हा कलम ३९ चा वेगळा गुन्हा, त्याला कमाल ३ वर्षं. फरक इराद्याचा: परत यायचंच नाही म्हणून गेला, तर ते पळणं. मात्र 'युद्ध तर चालूच नव्हतं' एवढ्यावर विसंबू नका. केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागातली नेमणूकही युद्धसेवा ठरवू शकतं.

शिक्षा सुनावली म्हणजे ती लागू झाली असं नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने किंवा केंद्र सरकारने ती कायम करावी लागते. तोवर जवानाने स्वतः कलम १६४ खाली त्याच अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा; शिक्षा कमी करणं किंवा बदलणं त्याच्या हातात असतं. शिक्षा कायम झाली की केंद्र सरकार किंवा लष्करप्रमुखांकडे दुसरा अर्ज. सशस्त्र दल न्यायाधिकरणातलं अपील वेगळं, ते दयेवर नव्हे, निकालातल्या चुकांवर लढायचं.

राष्ट्रपतींकडचा अर्ज घटनेच्या अनुच्छेद ७२ खाली. तो घरच्यांनी केला तरी चालतो. राज्यपालांकडे मात्र जाऊ नका, कोर्ट मार्शलची शिक्षा त्यांच्या कक्षेत येत नाही.

कागदपत्रांची ठरलेली यादी कलम १६४ मध्ये नाही. कोर्ट मार्शलच्या कामकाजाची नक्कल लेखी मागून घ्या, तिच्याशिवाय अर्ज हवेत राहतो. रजेचा पास, परतीचं रेल्वे तिकीट, आईच्या दवाखान्याचे कागद, युनिटला केलेले फोन-मेसेज, स्वतःहून हजर झाल्याची नोंद, सगळं जोडा. गणवेश आणि ओळखपत्र ट्रंकेत जपून ठेवलं होतं, एवढी साधी गोष्टही परतायचा इरादा दाखवते. आधीची सेवा, पदकं, जखमा यांच्या नोंदी विसरू नका. अर्जात 'पोरं लहान आहेत' एवढंच लिहून थांबू नका. फाशी किंवा गोळीऐवजी कोणती शिक्षा मागता, ते स्पष्ट लिहा. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.