एकवीस पत्त्यांची रमी

रमी या पत्त्यांच्या खेळाचा तीन कॅटांनी खेळावयाचा प्रकार. ‘मॅरेज रमी’ किंवा नुसते ‘एकवीस’ असेही म्हणतात. तेरा पत्त्यांच्या रमीहून तो तीन बाबतींत वेगळा : किमान तीन प्युअर सिक्वेन्स (जोकर न लावता जुळवलेल्या, एकाच जातीच्या ओळीने येणाऱ्या पत्त्यांच्या रांगा) लागतात, जोकरांची (दुसऱ्या पत्त्याऐवजी चालणाऱ्या पत्त्यांची) संख्या बरीच मोठी असते आणि काही ठरावीक पत्ते नुसते हातात असल्याचेही गुण मिळतात. ओढणे, टाकणे, सिक्वेन्स, सेट (एकाच आकड्याच्या वेगवेगळ्या जातींच्या पत्त्यांचा गट) या गोष्टी तेरा पत्त्यांप्रमाणेच असल्याने त्यांची पुनरुक्ती येथे केलेली नाही.

प्रत्येकी एक छापील जोकर धरून तीन कॅटांचे १५९ पत्ते होतात. सहा गडी बसले तर १२६ पत्ते वाटण्यातच जातात. जोकर म्हणून काढलेला पत्ता आणि पहिला उघडा पत्ता वजा जाता ओढायला ३१ उरतात आणि टाकलेले पत्ते लवकरच पुन्हा पिसावे लागतात. पाच गड्यांत ५२ उरतात. त्यामुळे जाणते खेळाडू चार किंवा पाच जणांवर थांबतात.

वाटप झाल्यावर एक पत्ता काढून गड्डीखाली उताणा ठेवतात. समजा, बदाम सत्ती निघाली. चारही जातींच्या सत्त्या जोकर झाल्या. त्यांपैकी बदाम सत्ती ही टिपलू, तिच्या वरची बदाम अठ्ठी ही पपलू आणि खालची बदाम छक्की ही निचलू. पपलू आणि निचलूही जोकर म्हणून चालतात. एक्का निघाल्यास पपलू दुर्री आणि निचलू बादशहा, असे गोल फिरून मोजतात. छापील जोकरच निघाला तर सर्वसाधारणपणे एक्के जोकर धरतात. टिपलू, पपलू, निचलू एकाच हातात आले की ‘मॅरेज’. हे तिन्ही पत्ते ओळीने येत असल्याने मॅरेज ही मुळातच एक प्युअर सिक्वेन्स असते. ती मोडून जोकर दुसरीकडे लावणारा गडी क्वचितच दिसतो.

येथे एक बारकावा नोंदवायला हवा. उताणा ठेवलेला पत्ता डावाबाहेर राहतो. तीन कॅटांत तीन टिपलू असल्या तरी खेळात दोनच उरतात, म्हणून एका डावात दोनपेक्षा जास्त मॅरेज होणे अशक्य. तरीही पुष्कळ गुणतक्त्यांत एका मॅरेजला १००, दोनला ३०० आणि तीनला ५०० गुण असे आकडे दिलेले असतात. जोकर चौथ्या कॅटातून काढला किंवा पाहून परत गड्डीत मिसळला, तरच शेवटच्या आकड्याला अर्थ आहे. तो कोणत्या तरी जुन्या पद्धतीचा अवशेष असावा, किंवा तक्ता करणाऱ्याने पत्ते मोजले नसावेत. दुसरी शक्यता अधिक वाटते.

जोकरांचे प्रमाणही मोजण्याजोगे आहे. डावात उरणाऱ्या १५८ पत्त्यांत आकड्याचे जोकर ११, पपलू ३, निचलू ३ आणि छापील ३, म्हणजे एकूण २० जोकर असतात : साधारण आठ पत्त्यांमागे एक. दोन कॅटांच्या तेरा पत्त्यांत १०५ पैकी ९, म्हणजे जवळजवळ बारामागे एक. इतके जोकर मोकळे सोडले तर डाव चार-पाच फेऱ्यांत आटोपेल. तीन प्युअरची अट हा त्यावरचा लगाम आहे.

एकाच जातीचे, एकाच आकड्याचे तीन पत्ते (उदा. तीन किलवर नव्व्या) म्हणजे ‘टनेला’, तो प्युअर सिक्वेन्सच्या बरोबरीचा धरतात. अशी दोनांची जोडी म्हणजे ‘डबली’. तीन टनेला किंवा आठ डबल्या जमल्यास बाकीचा हात न लावताही शो करता (पत्ते मांडून डाव संपवता) येतो. तिन्ही कॅटांच्या पाठी वेगवेगळ्या रंगांच्या असतील तर टनेलाचे गणित बदलते. प्रत्येक कॅटात किलवर नव्वी एकच असल्याने लाल आणि निळ्या पाठीच्या नव्व्या हातात असलेल्याला ठाऊक असते, की तिसरी हिरव्याच पाठीची असणार. गड्डीवर हिरवी पाठ आली की तो पत्ता ओढायचा, नाहीतर उघड्यावरचा उचलायचा. चुरशीच्या बैठकीत म्हणूनच तिन्ही कॅट एकाच छापाचे घेतात.

गुणांची रूढी जागोजाग बदलते. एका प्रचलित पद्धतीत पहिल्याच पाळीला पॅक केल्यास (डाव सोडल्यास) ३०, मध्येच पॅक केल्यास ७० आणि जास्तीत जास्त १२० दंडाचे गुण बसतात. टिपलू, पपलू, निचलू यांचे गुण शो कोणी केला यावर अवलंबून नसतात. हरलेल्या गड्याजवळ मॅरेज असेल तर इतरांनी त्याला ते द्यावेच लागतात. मात्र तीन प्युअर न लागलेल्याला हे गुण द्यावेत की नाही, याविषयी दोन पद्धती आढळतात आणि बहुतेक भांडणे येथेच होतात.

हा वाद उगमाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. रमी कुळातील खेळांपैकी पश्चिमेत लिखित नियम सापडणारा जुना खेळ कॉनक्वियन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात खेळला जात असावा, पत्त्यांच्या खेळांवर लिहिणारे आर. एफ. फॉस्टर यांनी १८९७ मध्ये त्याचे नियम दिले आहेत. काही अभ्यासक त्याच्याही मागे चीनकडे बोट दाखवतात. खानहूसारखे पत्त्यांचे चिनी खेळ आणि माहजाँग यांत ओढणे-टाकणे आणि गट जुळवणे हेच तत्त्व आहे. एकवीस पत्त्यांतील टनेला माहजाँगमधील तीन सारख्या सोंगट्यांच्या गटाशी मिळताजुळता असल्याने या मताला पुष्टी मिळते, असे म्हटले जाते. परंतु तीन कॅट एकत्र केले की सारखे तीन पत्ते जमणारच. त्यासाठी चिनी पूर्वज मानण्याची गरज नाही.

भारतात रमी बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लब-जिमखान्यांतून पसरली. एकवीस पत्त्यांचे जवळचे नाते मात्र नेपाळमधील ‘मॅरेज’ या खेळाशी आहे : तेथेही तीन कॅट, एकवीस पत्ते, टिपलू आणि पपलूशी मिळतेजुळते पोपलू. फरक एवढाच, की नेपाळी खेळात जोकर झाकलेला असतो; तीन प्युअर (किंवा टनेला) मांडून दाखवील त्यालाच तो पाहता येतो आणि ज्याने पाहिला नाही त्याला त्याचे गुणही नाहीत. आपल्याकडे जोकर पहिल्यापासून उघडा. तेव्हा तीन प्युअरची अट झाकलेल्या जोकरासाठी निर्माण झाली आणि जोकर उघडल्यावरही टिकून राहिली, हे म्हणणे सयुक्तिक वाटते. तसे असल्यास तीन प्युअर न लागलेल्याला मॅरेजचे गुण नाकारणारी पद्धत मूळ रूपाच्या अधिक जवळची ठरेल. याउलट जोकरांच्या वर दिलेल्या प्रमाणावरून ही अट स्वतंत्रपणेही सुचू शकते, हे विसरता कामा नये.

सातारा-सांगली भागात ‘रमी’ म्हटले की तेरा पत्त्यांचीच. एकवीस हा रात्र मोकळी असली तर मांडायचा डाव : गणपतीच्या मांडवातले जागरण, गावची यात्रा, लग्नघर. एकवीस पत्त्यांचा पंखा एका पंजात मावत नाही. म्हणून लागलेले प्युअर सतरंजीवर आपल्यापुढे पालथे घालून बाकीचे हातात धरतात. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत पत्ते फुगून एकमेकांना चिकटतात आणि १५९ पत्ते पिसणे जड जाते. त्यावर टाल्कम पावडरीची चिमूट हा रूढ उपाय.

कायद्याच्या दृष्टीने १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मुंबई इलाख्याचा, म्हणून सातारा जिल्ह्याचा. सांगली तेव्हा संस्थान होते आणि १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. या कायद्याच्या कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. मात्र जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही म्हटले. एकवीस पत्त्यांत लक्षात ठेवायचे पत्ते अधिक, तसा मॅरेजमुळे नशिबाचा वाटाही अधिक. निकालाचे तर्कशास्त्र येथे तितक्याच जोराने लावता येईल का, हा प्रश्न राहतोच. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले आहेत. प्रत्यक्ष बैठकीतला डाव त्याच्या कक्षेत येत नाही.