आरटीआय अर्ज केंद्राकडे करायचा की राज्याकडे? आधी एवढं बघून घ्या

आरटीआय म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकणारे बरेच जण प्रश्न छान लिहितात पण अर्ज भलत्याच सरकारकडे पाठवतात आणि मग नुसती वाट बघत बसतात. राज्यघटनेच्या कलम 246 नं केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी केलीये, सातव्या अनुसूचीत त्याच्या तीन याद्या आहेत. रेल्वे, पोस्ट, पासपोर्ट केंद्राकडे. पोलीस, जमीन, सरकारी दवाखाने, ग्रामपंचायत, नगरपालिका राज्याकडे. शिक्षण, वीज, जंगल हे समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो (शिक्षण आणि जंगल आधी राज्याकडेच होतं, 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीनं इकडे आलं). पण नुसती यादी बघून अर्ज टाकू नका, ते ऑफिस कोण चालवतं ते बघा. केंद्रीय विद्यालयाची माहिती हवी तर केंद्र, झेडपीच्या शाळेची हवी तर राज्य.

मुंबई-गोवा हायवेचंच घ्या. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे केंद्राचा विषय, तरी चौपदरीकरणात पनवेल ते रायगडमधलं इंदापूर हा टप्पा एनएचएआयकडे (केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) आणि त्यापुढचं काम राज्याच्या पीडब्ल्यूडीच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. रस्ता एकच, पण माहिती अधिकारी वेगळा, फीचे नियम वेगळे, अपिलाचा माहिती आयोगपण वेगळा!

पात्रता एकच, भारताचा नागरिक असावं. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही, आरटीआय कायद्याच्या कलम 6(2) मध्ये तसं स्पष्ट आहे, त्यामुळे कोणी कारण विचारलं तर हे कलम दाखवा.

कागदपत्रं फार नाहीत. नाव, पत्ता, नेमकी कुठली माहिती आणि कुठल्या काळातली हे लिहिलेला अर्ज, आणि 10 रुपये फी. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर त्याच्या पुराव्याची झेरॉक्स जोडा, फी माफ. राज्याच्या ऑफिसला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो, केंद्राच्या ऑफिसला तो लावू नका, तिथे पोस्टल ऑर्डर, डीडी, रोख किंवा ऑनलाइन. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, केंद्रात साधारण 500 शब्द चालतात. एकच कायदा असून हा फरक का, तर 2005 चा कायदा संसदेनं केला पण फी वगैरेचे नियम करायचा अधिकार त्यातच राज्यांना दिलाय.

कागदी अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनी तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पण ऑनलाइन करताना खरंच जपा, केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या खात्यासाठी अर्ज टाकला तर तो परत येतो आणि भरलेली फीपण परत मिळत नाही. महाराष्ट्राचं आरटीआय पोर्टल वेगळं आहे.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्रात अपिलाला 20 रुपयांचा स्टँप लागतो, केंद्रात फी नाही. राज्याच्या ऑफिसविरुद्धचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडेच करायचं, दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे पाठवू नका.