उथळ मातीवरची झुडपी राने : एका जुन्या गैरसमजाची पार्श्वभूमी

वीतभर मातीखाली कातळ, महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही, तरी उतारभर कमरेएवढी, चिवट पानांची झुडपे. असे रान पाहिले की ‘इथे पूर्वी दाट जंगल असणार, माणसाने तोडले’ असे पटकन तोंडी येते. हा समज निदान तेवीसशे वर्षे जुना आहे. प्लेटोने ‘क्रिटिआस’ या संवादात अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातल्या डोंगरांना आजाऱ्याच्या सापळ्याची उपमा दिली : माती वाहून गेली, हाडे राहिली, मधमाश्यांपुरते काय ते उरले. १८६४ मध्ये जॉर्ज पर्किन्स मार्श या अमेरिकी मुत्सद्द्याने भूमध्य सागराकाठचे उघडे डोंगर पाहून हाच विचार नव्याने मांडला, आणि पुढच्या कित्येक वनाधिकाऱ्यांनी तो प्रमाण मानला.

या रानांजवळ राहणाऱ्यांनी दिलेली नावे मात्र वेगळे सांगतात. दक्षिण फ्रान्समधल्या चुनखडीवरचे ‘गारिग’ आणि कॅलिफोर्नियातले ‘चापराल’ ही दोन्ही नावे खुरट्या ओकवरून आली. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले ‘फेनबॉस’ म्हणजे बारीक झुडूप. नैऋत्य ऑस्ट्रेलियातला ‘क्वोंगन’ हा तिथल्या नूंगार लोकांचा शब्द. यातल्या एकाही नावात ‘उरलेले जंगल’ असा अर्थ नाही, आणि मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

१८९८ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी एक साम्य ठळकपणे मांडले. भूमध्य प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, केप आणि दक्षिण व नैऋत्य ऑस्ट्रेलिया या पाचही ठिकाणी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या झुडपांचा आपसात नातेसंबंध नसला तरी पाने सारखीच : लहान, कडक, सदाहरित. पाण्याच्या आणि पोषणाच्या टंचाईला सगळीकडे जवळपास एकच उत्तर मिळाले होते.

तरी १९१६ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी मांडलेल्या अनुक्रमणाच्या, म्हणजे एका वनस्पती-समूहाची जागा पुढचा समूह घेत जातो या, सिद्धांताने जुन्या समजाला शास्त्राचे बळ दिले. प्रत्येक हवामानाची एक अंतिम वनस्पती-अवस्था असते, असे ते म्हणत. मग झुडपी रान म्हणजे बऱ्याचदा अर्ध्या वाटेवर अडकलेले जंगल ठरले. सहाच वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कूपर यांनी चापरालचा अभ्यास करून सांगितले, की काही भागांत ते आगीमुळे टिकले असले तरी इतरत्र तीच त्या जागेची अंतिम अवस्था आहे. व्यवहारात या म्हणण्याला फारसे वजन मिळाले नाही.

परिणाम जमिनीवर दिसले. केपच्या डोंगरांवर पाइन लावले गेले. त्याचा पाण्यावर काय परिणाम होतो हे तपासायला १९३५ मध्ये योंकर्सहूक इथे संशोधन केंद्र उभे राहिले, आणि तिथल्या दीर्घ मोजणीत लागवड केलेल्या खोऱ्यांतले ओढे आटत गेल्याचे दिसले. पाइन स्वतःहूनही रानात पसरले. १९९५ पासून दक्षिण आफ्रिकेने अशी परकी झाडे काढण्यासाठी सरकारी कार्यक्रमच सुरू केला. आधी लावायला खर्च, मग काढायला.

आगीचेही तसेच. आग म्हणजे निव्वळ नाश, असे मानून ती अनेक वर्षे रोखली गेली, आणि केपमधल्या, प्रोटिया या फुलझाडाच्या कुळातल्या काही दुर्मीळ झुडपांची नवी रोपेच दिसेनाशी झाली. १९६०च्या दशकाअखेर तिथे ठरवून आग लावण्याची पद्धत स्वीकारली गेली. १९९० मध्ये द लांगे आणि बूशे या संशोधकांनी दाखवले, की फेनबॉसमधल्या एका झुडपाचे बी नुसत्या धुरानेही रुजते. धुरातले ते संयुग २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात ओळखले गेले.

जमिनीखालचा शोध मला सर्वांत सुंदर वाटतो. १९६० मध्ये हेलन पर्नेल यांनी प्रोटिया-कुळातल्या मुळांवरच्या दाट, ब्रशसारख्या झुबक्यांचे वर्णन केले. ही मुळे आम्ले सोडून मातीला घट्ट चिकटलेला फॉस्फरस सोडवून घेतात. चापरालची झुडपे कातळाच्या भेगांत शिरून त्यातली ओल शोषतात. म्हणजे वरून वीतभर दिसणारी माती हे त्यांचे सगळे घर नव्हतेच. जगाच्या भूभागाच्या जेमतेम दोन टक्के असलेल्या या पाच प्रदेशांत सुमारे ४८,००० जातींच्या वनस्पती आहेत. एकट्या केपमध्ये ९,०००च्या आसपास, आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

मोडलेले जंगल कुठेच नाही, असे मात्र नव्हे. भूमध्य किनाऱ्यावरची काही झुडपी राने खरोखर कुऱ्हाड आणि शेळ्या यांतून घडली. २००१ मध्ये ग्रोव्ह आणि रॅकहॅम या अभ्यासकांनी ‘उजाड झालेला भूमध्य प्रदेश’ या सरसकट कथेला पुराव्यानिशी आव्हान दिले. तेव्हापासून प्रत्येक उताराचा इतिहास वेगळा तपासण्याला महत्त्व आले आहे : माती किती, खडक कोणता, पुन्हा फुटणारे जुने बुंधे आहेत का, तिथल्याच म्हणाव्यात अशा जाती किती.

आगीबाबत आता दक्षिण कॅलिफोर्नियात उलटी अडचण आहे. आगी इतक्या लवकर परत येतात, की केवळ बियांवर अवलंबून असलेल्या झुडपांना बी धरायलाही वेळ मिळत नाही. त्यांच्या जागी युरोपातून आलेली वर्षायू (एकाच वर्षात जीवन संपवणारी) गवते पसरतात, आणि ती उन्हाळ्यात वाळून पुढच्या आगीला सरपण पुरवतात.