पार्श्वभूमी : के. विश्वनाथ आणि 'माटलु'चा घोळ

'शंकराभरणम्' या तेलुगू चित्रपटाच्या दिग्दर्शकाला, के. विश्वनाथ यांना, मराठीत सरसकट 'लेखक-दिग्दर्शक' म्हटलं जातं आणि तिथेच गफलत होते. तेलुगू श्रेयनामावलीत लेखनाचे तुकडे पाडलेले असतात : कथा, माटलु, पाटलु, स्क्रीनप्ले. माटलु म्हणजे संवाद, पाटलु म्हणजे गाणी. आपण 'कथा-पटकथा-संवाद' एका दमात म्हणतो. तिथे संवाद लिहिणारा हा स्वतंत्र कारागीर, आणि प्रेक्षक त्याला नावानिशी ओळखतात. विश्वनाथ यांचं नाव कथा, स्क्रीनप्ले आणि 'दर्शकत्वम्' म्हणजे दिग्दर्शन यांपुढे येतं. 'शंकराभरणम्' (१९८०), 'सप्तपदी' (१९८१), 'सागर संगमम्' (१९८३) यांचे संवाद मात्र दुसऱ्याच लेखकाचे. हा लेखक पुढे विनोदी चित्रपटांचा दिग्दर्शक म्हणून गाजला. मराठी-हिंदी याद्यांत हे सगळं 'लेखन' या एकाच रकान्यात कोंबलं, की संवादांचं श्रेय आपसूक दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होतं.

मग विश्वनाथ यांचं स्वतःचं लेखन दिसतं कुठे? गाण्याच्या जागेत. 'शंकराभरणम्'चा शेवट बघा. वृद्ध गायक मैफलीत 'दोरकुना इटुवंटि सेवा' गायला बसतो. पहिली ओळ कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांची, राग बिलहरी. पुढचे शब्द चित्रपटाच्या गीतकाराचे. गाता गाता तो कोसळतो आणि बालशिष्य गाणं तिथूनच उचलतो. वारसा कुणाकडे गेला हे सांगायला वेगळ्या संवादाची गरजच उरत नाही. पटकथा म्हणायची ती ही.

नावाचीही एक गंमत आहे. शंकराभरणम् हा कर्नाटक संगीतातला राग, म्हणजे साधारण आपल्या बिलावलाचे स्वर. पण चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं गाणं 'शंकरा नादशरीरापरा' आहे मध्यमावती रागात, आपल्या मधमाद सारंगाच्या स्वरांत. गंधार-धैवत त्यात नाहीतच. केवळ नावावरून राग शोधायला बसलेला हमखास चकतो.

विश्वनाथ यांचा जन्म १९३०चा, गुंटूर जिल्ह्यातला. बी.एस्सी. झाल्यावर मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत ध्वनिविभागात नोकरी, मग सहायक दिग्दर्शक, आणि १९६५मध्ये 'आत्मगौरवम्'पासून स्वतंत्र काम. सेटवर खाकी कपडे घालायची सवय कायम राहिली : कामगारांतला एक, हा त्यामागचा विचार. आवाजाच्या खात्यातून आलेला माणूस गाण्याच्या जागेबाबत इतका काटेकोर असावा, यात नवल नाही.

पुरस्कारांच्या नोंदीही तपासून घ्याव्या लागतात. 'शंकराभरणम्' २ फेब्रुवारी १९८०ला लागला, पण राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो १९७९च्या चित्रपटांसाठीच्या, म्हणजे २७व्या फेरीत. कारण तिथे वर्ष धरतात ते सेन्सॉर प्रमाणपत्राचं, प्रदर्शनाचं नव्हे. शिवाय तो 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' नव्हता. सुवर्णकमळ होतं लोकप्रिय आणि निकोप करमणुकीसाठीचं. संगीत, गायक आणि गायिका हे तीन पुरस्कार वेगळे. गायिका म्हणजे 'ऋणानुबंधाच्या' या नाट्यगीतामुळे मराठी घराघरांत पोचलेलाच आवाज.

हिंदीत विश्वनाथ यांनी आपल्याच कथा पुन्हा उभ्या केल्या. 'सिरि सिरि मुव्वा'चा 'सरगम' (१९७९) तुफान चालला. 'सप्तपदी'चा 'जाग उठा इंसान' (१९८४), 'शंकराभरणम्'चा 'सुर संगम' (१९८५) आणि 'स्वाति मुत्यम्'चा 'ईश्वर' (१९८९) यांना मूळ चित्रपटांचं वजन आलं नाही. 'सुर संगम'ची अडचण उघड आहे. कर्नाटक संगीताच्या जागी हिंदुस्तानी आणलं की नुसती गाणी बदलून भागत नाही. कृतींवर, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या रचनांवर, बेतलेला प्रसंग बंदिशीवर बसवायचा तर रचनाच हलते. 'दोरकुना'च्या दृश्यात शब्द, राग आणि मृत्यू एकाच धाग्यात आहेत. त्यातला एक बदलला की उरलेले दोन सैल पडतात. याउलट 'सरगम'ची नायिका मुकी नर्तिका. तिथे भाषेचा अडसर मुळातच कमी होता.

१९८६चा 'स्वाति मुत्यम्' भारतातर्फे ऑस्करला गेला. तो मान मिळालेला पहिला तेलुगू चित्रपट. १९९५च्या 'शुभ संकल्पम्'पासून विश्वनाथ पडद्यावर अभिनेता म्हणूनही दिसू लागले, आणि आजच्या तेलुगू तरुणांच्या ओळखीचे आहेत ते घरातले वडीलधारे म्हणूनच. दिग्दर्शक म्हणून शेवटचा चित्रपट 'शुभप्रदम्' (२०१०). फाळके पुरस्कार २०१६चा, प्रत्यक्ष हाती आला मे २०१७मध्ये. निधन २ फेब्रुवारी २०२३ला, 'शंकराभरणम्' लागल्याच्या तारखेलाच.